हलकं पाणी

भुईमूग काढायचं मशीन बांधावर येऊन उभं राहिलं, तेव्हाच धाकट्याने थोरल्या भावाला विनवलं होतं, "दादा, जमीन पार दगड झालीय. एक हलकं पाणी देऊ, मग मशीन घालू."

"मशीन आज मिळालंय, ते आजच चालणार," थोरला गुरकावला. "तुला नुसती निमित्तं हवीत."

धाकट्याने निमूटपणे सगळं रान काढलं. दर हंगामात छातीला लागणारा शेंगांचा ढीग यंदा जेमतेम गुडघ्याला लागला, आणि थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाच्या घशात घातलास माझा माल?"

धाकटा सांगायला तोंड उघडतच होता, तोच ट्रॅक्टरचा लोखंडी पाना त्याच्या कपाळावर बसला. तो कोसळला तरी थोरल्याचा हात थांबेना. थांबला, तेव्हा ओळखू येईल असा चेहराच उरला नव्हता.

भर दुपारी शिवारात चिटपाखरू नव्हतं. थोरल्याने त्याला ओढत रानाच्या मधोमध नेलं आणि खड्ड्यासाठी कुदळ मारली. ती ठणकन उडून मागे आली. पुन्हा मारली, पुन्हा मारली, पण जमिनीचा टवकाही निघेना. शेवटी शिव्या हासडत त्याने मोटार सुरू केली, पाणी सोडलं आणि ते मुरेपर्यंत धाकट्याच्या चपलांशेजारी बसून राहिला. माती लोण्यासारखी मऊ झाली.

 

पहिल्याच फावड्याला, देठाशी तुटून खालीच राहिलेल्या शेंगा वर आल्या. चांगल्या टपोऱ्या, ओंजळभर.