नांदतं बेट

"अगं, त्या पिवळ्या घरापुढेही दोन चड्ड्या टाक! रिकामी दोरी बघितली की कळतंच माणसाला," तोकुझो ओरडला.

"चड्ड्या संपल्या," त्याची बायको नुई म्हणाली. "अंगातली काढून देता का?"

त्याला हसूसुद्धा आलं नाही. कंपनीची बोट धक्क्याकडे वळली होती.

तोकुझो इवाकिरी बेटाचा मुखिया. मुखिया कसला, उरलेल्या नऊ म्हाताऱ्यांतला त्यातल्या त्यात धडधाकट. येत्या वसंतात सरकारी बोट बंद होणार होती. नऊ डोक्यांसाठी कोण बोट चालवतो? आणि बोट बंद म्हणजे तांदूळ बंद, डॉक्टर बंद, बेटच बंद. मुलाने कागोशिमात चौथ्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती. पोराचं प्रेम खरं, पण त्या खोलीच्या नुसत्या आठवणीने तोकुझोचा जीव घुसमटायचा.

आता एकच आशा उरली होती. उन्हाळ्यात एका खासगी कंपनीचं रॉकेट तळावरच फुटलं होतं. तेव्हापासून हाताशी दुसरा तळ असावा म्हणून कंपनी बेटं बघत हिंडत होती. तळ आला की कामगार येणार, कामगार आले की बोट राहणार. पण मेलेल्या गावात पैसा कोण ओततो?

म्हणून तोकुझोने बेट सोडून गेलेल्या एकेकाला फोन केला, अक्षरशः पाया पडला. ओबोनच्या सणाला पितरांसाठीही न फिरकणारी माणसं सुना-नातवंडांसकट आली. गंजलेली कुलपं तेल घालून उघडली, चुली पेटल्या. एक दिवस गाव भरलेलं दिसलं की झालं.

कंपनीच्या हिराबायाशीबाई चाळिशीच्या, काळ्या सुटातल्या, हातात मिठाईचा डबा. चढ चढताना त्या प्रत्येक दारापुढे वाकत होत्या.

"काका, इथे एवढी माणसं राहतात?"

"राहतात म्हणजे? पिढ्यान् पिढ्या!"

"आमच्या कागदांत वेगळंच आहे हो."

तोकुझोने हात झटकला. "कागदांचं काय घेऊन बसलात बाई! कचेरीत बसून लिहितात मेले. तुम्ही डोळ्यांनी बघा की."

एका दारात ऐंशीची चियोआजी सुके मासे निवडत बसली होती. हसून वाकली. पुढच्या गल्लीत पुन्हा तीच, डोक्याला वेगळा रुमाल बांधून, धापा टाकत.

"मघाशी यांनाच..."

"जुळ्या बहिणी," तोकुझो म्हणाला आणि मनातल्या मनात चियोला शिव्या हासडल्या.

एवढ्यात कुठल्याशा घरात तान्हं बाळ रडलं. बाई जागीच थबकल्या.

"केवढं आहे?"

"चार महिन्यांचं. आख्ख्या गावाला झोपू देत नाही!"

बाईंचा चेहरा उतरला. ओळखलं हिने, तोकुझोला वाटलं, मेलो आता. भीतीने त्याच्या जिभेला आणखीच धार चढली. यंदा दोन लग्नं आहेत म्हणाला, शाळा परत उघडायचं घाटतंय म्हणाला. नुईने मागून सदरा ओढला, तरी थांबेना.

बेटाच्या टोकावर पोचल्यावर बाईंनी समोरचा मोकळा समुद्र बघितला. मग वळून खालची कौलं बघितली, बराच वेळ. "जागा अगदी हवी तशी आहे," त्या हळूच म्हणाल्या आणि बाजूला जाऊन फोन लावला. बोलताना दोनदा वाकल्या. फोनवरही वाकतेय म्हणजे पलीकडे साहेबच असणार. तोकुझोने नुईचा हात घट्ट धरला. उभ्या संसारात चारचौघांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

"घेतलं वाटतं बेट," तो पुटपुटला. "आता मरेन तर इथेच."

"मरायची एवढी घाई कशाला?" नुई म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते.

बाई परत आल्या, कमरेतून पार खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"काका, रॉकेट फुटल्यावर मी तळाजवळच्या गावात घरोघर माफी मागत फिरले. काचा फुटलेल्या, एका घरात तान्ह्या बाळाला लागलेलं. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही." त्यांनी मान वर केली. "आता नियमच केलाय, नांदत्या गावाजवळ तळ नाही. बरं झालं, स्वतः येऊन बघितलं. आत्ताच साहेबांना सांगितलं, दुसऱ्या एका ओसाड बेटाच्या करारावर त्यांनी शिक्काही मारला. नाहीतर आमची पहिली पसंती हेच बेट होतं. कागदावर नऊच माणसं होती ना! उड्डाणाच्या दिवशी त्यांना बाजूला नेता आलं असतं. त्या नऊ जणांसाठी कंपनी कायमची बोट सुरू करणार होती."