डॉटरेलच्या पुढे

“ती म्हातारी गोगलगाय अजून मागेच सरपटत असेल,” मरे म्हणाला आणि त्याने चहात जिंजर बिस्किट बुडवलं.

ग्लेनिसने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. तेवढ्यात एक लाट खालून कॅटमरानच्या तळावर आदळली आणि टेबलावरचे कप नाचले. दोन होड्या जोडून केलेली बोट ती. समुद्र उधाणला की मधल्या तळावर कुणी घण घालतंय असं वाटतं. नोव्हेंबर संपत आला होता. टोंगाहून न्यूझीलंडला जाणाऱ्या शहाण्या बोटी वादळांचा मोसम लागण्याआधीच घरी पोचल्या होत्या. बाकीचे रेंगाळले होते. आपण मात्र विचारपूर्वक थांबलो होतो, असं मरेचं म्हणणं.

सोफ्यावर भलंमोठं ओलं पॅराशूट पसरलेलं होतं. त्याचा कुबट वास केबिनभर भरला होता. त्याचा विषय दोघंही काढत नव्हती.

“लाकडी बोट, वर सत्तरीचा ॲल्विन पेट्री,” मरेने नाक मुरडलं. “मारे डॉटरेल नाव ठेवलंय पाखराचं. उडायचं सोडाच, नीट तरंगली तरी पुष्कळ!”

“टेस आहे त्या बोटीवर,” ग्लेनिस म्हणाली.

“मी पाठवली का?”

त्याने पाठवली नव्हतीच. टोंगात, नुकुआलोफाच्या धक्क्यावर, सगळ्यांदेखत, त्यांची एकुलती एक लेक बॅग घेऊन खाली उतरली होती. ‘मी ॲल्विनबरोबर जाते,’ ती म्हणाली होती. ‘त्याच्यासोबत असलं की आपण कुठे आहोत ते निदान कळतं तरी.’ शेजारच्या बोटीवरचे लोक फिदीफिदी हसले होते. ते हसू मरेला अजून झोंबत होतं.

“न्यूझीलंडला, ओपुआच्या धक्क्यावर मी आधीच उभा असेन,” तो म्हणाला. “त्यांचा दोर मीच पकडणार. आणि सगळ्यांसमोर विचारणार, काय गं, कळलं का आता कोण कुठे आहे ते?”

“पोरगी सुखरूप पोचली म्हणजे मिळवली.”

“तू रडगाणं गा!”

रेडिओ खरखरला. ओपुआची नोएलीन रोज सकाळी हवामान सांगायची आणि मग एकेका बोटीचं नाव पुकारायची. ज्याने त्याने आपलं ठिकाण सांगायचं, तिने नकाशावर टाचणी लावायची. कुणी काही पडताळून बघत नसे. समुद्रावर शब्दावरच चालतं.

मरेने भांडी पुसायचा पंचा नकाशाच्या पडद्यावर टाकला. “चकाकतो मेला, डोळ्यांवर येतो,” तो रोजच्यासारखं पुटपुटला.

“डॉटरेल, डॉटरेल,” नोएलीनने पुकारलं. उत्तर आलं नाही.

रोज आधी डॉटरेल, मग मरे, असा क्रम होता. आज त्याचा नंबर आधी लागला.

“झोपला असेल थेरडा,” तो म्हणाला आणि त्याने माइक उचलला.

“आज तरी नीट सांग, मरे,” ग्लेनिस म्हणाली.

“मला शिकवू नकोस.” मग तो रेडिओवरच्या खास भारदस्त आवाजात बोलला. ठिकाण त्याने तोंडपाठ घडाघडा सांगितलं. “कालच्यासारखेच डॉटरेलच्या साधारण चार तास पुढे. वारा जोराचा, पण आमचं सगळं झकास!”

“कमाल आहे बाई तुझी! असल्या हवेत एवढी मजल?” नोएलीन म्हणाली. मरेची मान ताठ झाली.

“नोएलीन, मी टेस. डॉटरेलवरून.” आवाज दमलेला होता. “पहाटे सुकाणू तुटलं. जाताना तळाची फळी उखडून गेलं. पाणी आत येतंय. ॲल्विन एका हाताने पंप मारतोय, मी बादलीने उपसतेय. रबरी तराफा कालच्या लाटेने नेला. संध्याकाळपर्यंत तरेल बोट, त्यापुढे नाही.”

ग्लेनिसचा हात तोंडावर गेला.

“सांगत नव्हतो मी? लाकूड ते लाकूडच!” मरे म्हणाला.

“आणि ते मालवाहू जहाज?” नोएलीनने घाईने विचारलं. “पहाटे तुमच्या जवळून जाणार होतं ना?”

“आलं होतं. थांबायला तयार होते ते. पण जहाजाच्या त्या उंच भिंतीवर शिडीने चढायचं म्हणजे… ॲल्विनचा खांदा निखळलाय, लाटेने आपटून मेलाच असता. मी म्हटलं, तुम्ही जा, माझे बाबा चार तासांवर आहेत. कॅटमरानवर चढणं सोपं. गेलं ते जहाज. आता कितीही पुकारलं तरी उत्तर देत नाही.”

मरेने माइक टेबलावर ठेवला.

“बाबा, ऐकताय ना?” टेस म्हणाली. “धक्क्यावर बोलले ते मनात ठेवू नका हं. तुम्ही कुठे आहात ते माहीत आहे म्हणूनच धीर आहे मला. या लवकर.”

“मरे, वळतो आहेस ना?” नोएलीनने विचारलं. “मरे?”

ग्लेनिस उठली. तिने पडद्यावरचा पंचा ओढून काढला आणि नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड तिकडे वळवलं. वादळाच्या भीतीने पॅराशूट पाण्यात सोडून, त्याला बोट बांधून ते दोघं जिथे निपचित पडून राहिले होते, त्या जागेपासून त्यांची कॅटमरान पडद्यावर जेमतेम नखभर सरकली होती. आणि डॉटरेल त्यांच्या मागे नव्हतीच, ती पुढे होती, दोन दिवसांच्या वाटेवर.