हिमनदीवरचे साहेब

हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या संचालकसाहेबांनी हिमनदीवर फोटो काढून घेतले. संशोधक वत्सला देवस्थळी तुच्छतेनं पाहत राहिल्या. त्यांची उभी हयात या बर्फात गेली होती.

“बाई, वरचा तलाव फुटेल असं बोलू नका. धरणाचं काम अडेल. पुढं माझी खुर्ची तुम्हालाच मिळेल.”

“तिच्यावर बसून तुमच्यासारखं व्हायचं? नको!”

साहेब थंडीला शिव्या घालत उडाले. वत्सलाबाईंनी खाली उतरून सारं गाव उंचावर नेलं.

आठवडाभरात तलाव फुटला. घरं वाहून गेली. माणूस मात्र एकही गेला नाही. मोबाईलवर साहेब श्रेय घेत होते. वत्सलाबाईंनी त्यांचा आवाज बंद केला आणि तंबूतल्या म्हातारीपुढं आपला रिकामा पेला धरला. “आजी, अजून थोडा चहा.”