डोंगरावर हरवलेली अंगठी

दिवाळीच्या सुट्टीत कुमार, मोनिका आणि त्यांची लेक अक्षदा येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगरावर डबा शोधत होते. कुणीतरी लपवलेला डबा फोनवरच्या खुणेनं हुडकायचा, आतली वस्तू घ्यायची, आपली ठेवायची आणि बाहेरच्या कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असा त्यांचा खेळ.

शेळ्या राखणाऱ्या गजराबाईंनी विचारलं, "काय हारवलं, बाई?"

"अंगठी," मोनिकानं ठोकून दिलं.

गजराबाई शेळ्या सोडून धोंडे उलथायला लागल्या. तेवढ्यात अक्षदाला डबा मिळाला. तिनं आतला भोवरा खिशात घातला, आपली बाहुली ठेवली आणि तिघेही हसू दाबत गाडीकडं पळाले.

बाहुली कुणी नेली का ते बघायला मे महिन्यात पुन्हा आले. उतारावरचा एकही धोंडा जागेवर नव्हता. तापलेल्या मुरमावरून गजराबाई अनवाणी लगबगीनं आल्या.

"लई हुडकली, बाई. एक डबा घावला, पर त्यात बाहुली. कुना लेकराची असंल म्हणून व्हता तिथंच ठिवला. अंगठी काय घावली न्हाय."

अक्षदा आईकडं बघत राहिली. मोनिकानं बोटातली अंगठी पुढं केली. "सापडली, आजी. घरीच होती."

गजराबाई मटकन खाली बसल्या आणि पायाचे तळवे चोळत हसल्या.

"बरं झालं गं माय! आता चप्पल घालते. तुमची अंगठी घावस्तवर घालायची न्हाय, असं येडाईला बोलले व्हते."