तांडा किती दूर

“इथं तर तुमचा तांडा तीन किलोमीटरवर दिसतोय,” असं म्हणत शाल्मलीनं कॉम्प्युटरचा पडदा रूपसिंगकडे वळवला.

नकाशावर आरोग्य केंद्राचा लाल ठिपका, तांड्याचा निळा आणि मध्ये सरळ रेघ. रूपसिंग साठ घरांच्या तांड्याचे नाईक. सकाळपासून दोन जीपा बदलून जिल्ह्याच्या ऑफिसात पोचलेले. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

“हे काय दाखवून राह्यलं, मॅडम? हे तं धरणाचं पाणी हाय. याच्यावरून पाखरू जाते. आमी पुलावरून फिरून जातो. चौदा किलोमीटर.”

बरोबरच होतं. सरळ रेघ मारायला सांगितली की सॉफ्टवेअर मुकाट्यानं मारतं, मध्ये पाणी असो की डोंगर. आणि तसं सांगितलं होतं शाल्मलीनंच, काम लवकर उरकावं म्हणून. तिला स्वतःचाच राग आला.

“थांबा, रस्त्यानं मोजते.”

रूपसिंग खुर्चीच्या टोकावर बसले. तांड्यावर उपकेंद्र हवं होतं. एक नर्सबाई, एक खाट, बस. पण गटातल्या, म्हणजे या केंद्राखाली येणाऱ्या सगळ्या गावांतल्या घरांचं आरोग्य केंद्रापासूनचं सरासरी अंतर पाच किलोमीटरच्या वर गेलं, तरच ते मिळणार. मंजुरीची यादी आज संध्याकाळी जायची होती. पुढची यादी पाच वर्षांनी.

“सुनेले सातवा लागला,” ते म्हणाले. “मागच्या खेपेले जीप पुलापाशी होती, तवाच लेकरू गेलं. पुष्पा कशीबशी वाचली.”

शाल्मलीनं तांड्यासमोर चौदाचा आकडा टाकला आणि बटण दाबलं. सरासरी दोन पॉइंट नऊ होती, ती तीन पॉइंट पाच झाली.

“वाढलं ना?”

“वाढलं. पण पाच नाही झालं, काका.”

“चौदा टाकले ना तुमी?”

“टाकले. पण गटात बाराशे घरं आहेत, त्यातली तुमची साठ. बाकीची बहुतेक केंद्राच्या आसपासच. सगळ्यांची मिळून सरासरी निघते.”

सांगता सांगता तिलाच लाज वाटली. हिशेबात चूक सापडली असती तर बरं झालं असतं. पण तो अगदी चोख होता.

रूपसिंगांनी निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ते पडद्याच्या कडेपर्यंत नेलं.

“मंग आमी अजून दूर जाऊन बसलो तं? आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडत. आमाले उठायचं काही वाटत नाही. कुठं तांडा टाकला म्हंजे तुमचे पाच होतीन, तेवढं सांगा.”

ते थट्टा करत नव्हते. म्हणून तिनंही खरंच मोजलं.

“पंचेचाळीस किलोमीटर.” मग पुढचंही सांगणं भाग पडलं. “पण तेवढ्या लांब गेलात तर हा गटच सुटतो. मग तुमची घरं इथं धरणारच नाहीत.”

“असं हाय.”

रूपसिंग उठले. खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. दारापाशी थांबून शांतपणे म्हणाले,

“घरी पुष्पा विचारन, काय झालं म्हून. सांगतो तिले, दवाखाना साडेतीन किलोमीटरवरच हाय. सरकारनं मोजला.”