आज नंबर कोणाचा

"इथं मुलंच शिकवतात, असं ऐकलं. आज मात्र तुम्ही शिकवा," हैदराबादहून आलेले तपासनीस म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

श्रीधरपंतांनी खडू उचलला. फळ्याकडे तोंड केलं, पण लिहायचं काय ते सुचेना.

रसायनशास्त्र त्यांना येत नव्हतं, असं नाही. तेजाब, गंधक, पारा, सारं त्यांच्या जिभेवर नाचत असे, पण उर्दूतून. ते शिकले उर्दूत, शिकवत आले तेही उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि औरंगाबादच्या त्या कॉलेजात इंग्रजी पुस्तकं आली. पहिलं पान उघडलं आणि पंतांना वाटलं, आपण पुन्हा बिगरीत येऊन बसलो. हे सांगावं कोणाला? सांगितलं तर नोकरी जायची. म्हणून त्यांनी वर्गात जाहीर करून टाकलं, की यंदा मी शिकवणार नाही. रोज एकानं धडा वाचून यायचा आणि फळ्यापाशी उभं राहून बाकीच्यांना शिकवायचा. स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

पोरं कुरकुरली. पगार सरांना अन् घसा आमचा, असा टोमणाही कुणी मारला. पण हळूहळू वर्ग रंगू लागला. पोरं शब्दकोश धुंडाळत, एकमेकांना अडवत, भांडत. पंत मागं बसून निमूटपणे शिकत.

आज मागं जायची सोय नव्हती. हातातला खडू ओला झाला.

"साहेब," पिशोरचा पुंजाराम उभा राहिला, "आज माझा नंबर हाय. लई तयारी केलीय. मला शिकवू द्या, चुकलं तर सर हायेतच."

तपासनीस हसले, मान डोलावली. चुनकळीवर पाणी टाकलं की ती का खदखदते, हे पुंजाराम सांगू लागला. अंबिकानं त्याला मध्येच अडवलं : विस्तव नाही, तर ऊब आली कुठून? तपासनीसांनीही एक तिरका प्रश्न टाकला. मग वर्गात अशी जुंपली, की तास संपल्याचं कुणाला भान राहिलं नाही. जाताना तपासनीसांनी पंतांचा हात हातात घेतला. इतका जागा वर्ग आपण कुठं पाहिला नाही, असं म्हणाले.

व्हरांड्यात पंतांनी पुंजारामाला गाठलं. "आज नंबर अंबिकाचा होता."

"व्हय सर."

"मग तू का उठलास?"

"तुम्हाला इंग्रजी पुस्तक उमगत नाय, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

पंतांनी विचारलं, की मग वर्षभर कुणी बोललं कसं नाही.

"बोललो असतो तर नवे सर आले असते," पुंजाराम म्हणाला, "अन् आम्ही नुसतं लिहून घेत बसलो असतो."