धारेची बाजू

एक पितळी खिळा, साडेतीन मिलिमीटर. पोह्यांची बशी, तिच्यात स्प्रिंग. आंब्याची चाळीस रोपं, कोयीतून उगवलेली. डाव्या हाताची गोळी, जेवणानंतर.

हिमानीने कानशीने खिळ्याचं डोकं घासलं, खिळा ठोकून काढला आणि घडीचा चाकू सुटा झाला: पातं, दोन पत्रे, मुठीच्या लाकडी पट्ट्या. बाबांनी बत्तीस वर्षं याच चाकूने आंब्याची कलमं बांधली होती. डाव्या हाताने. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते, आणि ती बाजू हातावर ठरते. हा डावखुऱ्याचा होता. गेल्या वर्षी डाव्या बाजूला अर्धांगाचा झटका आला. आता तो हात कलमाची काडी धरायचा, पातं ओढू शकायचा नाही. लखनौला सरोजिनी नगरच्या घराच्या गच्चीवर रोपं नुसतीच वाढत होती. माळीकाम करणारा जयसिंग दर रविवारी डोकावायचा. घेऊन जा सगळी, असं बाबांनी त्याला सांगून टाकलं होतं.

चाकू खोलायलाही त्यांनी नाही म्हटलं नाही. मोजून घे, नीट चित्र काढ, मग कपाटात टाक, म्हणाले. मला आता काय करायचाय.

व्हर्नियर. लॅपटॉप. गार चहा. पुन्हा व्हर्नियर.

चौथ्या दिवशी तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बाबांनी चष्मा लावला, मापं एकेक वाचली आणि पात्याशी थांबले.

"धार चुकलीय. सगळं उलटं काढलंस. चार वर्षं इंजिनीअरिंग करून हे?"

लखनौत डाव्या हाताला उल्टा म्हणतात आणि उजव्याला सीधा. हिमानी इथेच वाढलेली.

"उल्टा तो आपका था, बाबा. ये सीधे हाथ का है."

बाबांनी उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "या हाताला कलम म्हणजे फक्त पेन ठाऊक आहे गं."

तिने स्क्रीन हलवली नाही. बाबांनी उजवी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. चाकूची मूठ दोन मिलिमीटरने जाड कर, म्हणाले, हात कच्चा आहे. आणि जयसिंगला फोन लाव, रोपं राहू देत.

१९५७ साली कऱ्हाडला आजोबांनी सहा वर्षांच्या बाबांचा डावा हात खुर्चीला बांधून त्यांना उजव्याने लिहायला लावलं होतं, आणि तो उजवा हात तीन आठवड्यांत शिकला होता.